कोबीवरचं कुरकुरीत

माझ्या वडिलांना मी जवळजवळ महिनाभर डुकराची चरबी खाऊ घातली. पहिले नऊ दिवस मला ते ठाऊक नव्हतं. पुढे ठाऊक होतं.

वडील जन्मात अंड्याला न शिवलेले. केक आणला तर आधी खोकं फिरवून फिरवून हिरवा ठिपका शोधणार, तो सापडला की मगच सुरी हातात घेणार. पाटबंधारे खात्यात हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे खात्री केल्याशिवाय कशावरही सही करायची नाही ही सवय ताटापर्यंत आलेली. सिंगापूरला आले तेव्हा मात्र त्यांनी खोकी तपासायचं सोडून दिलं. विमानतळावरून येतानाच टॅक्सीत म्हणाले, "इथलं मला काही कळायचं नाही. तू आहेस ना बघायला."

मी होतो. तेरा वर्षं होतो. तांजोंग पगारला ऑफिस, बुकित बातोकला बाराव्या मजल्यावर फ्लॅट, आणि या शहराची आपल्याला खडान्‌खडा माहिती आहे असा समज. नव्याने आलेल्या मराठी पोरांना मी घर कुठे घ्यावं, साबुदाणा कुठे मिळतो, इथे राहायच्या पाससाठी कुठला कागद लागतो हे न विचारता सांगतो. विचारल्यावर तर थांबतच नाही.

आई जाऊन आठ महिने झाले होते. सांगलीच्या दोन खोल्यांत बाबा एकटे. फोनवर रोज एकच, "जेवलो." काय जेवलात विचारलं की "जेवलो ना" एवढंच. दिवाळीला मी गेलो तेव्हा त्यांचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता आणि फ्रीजमध्ये दुधाची पिशवी आणि मुरलेलं लोणचं यापलीकडे काही नव्हतं. मी त्यांना घेऊन आलो. आधी पाहुणे म्हणून. जमलं तर लाँग टर्म पास काढून कायमचे. तो अर्ज मी भरून ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली. बहुतेक दिवशी बायको आणि मी दोघं सकाळी साडेसातला बाहेर पडतो. बायको फ्रीजमध्ये त्यांच्यासाठी डबे ठेवून जायची, वर चिकटवलेल्या कागदावर किती मिनिटं गरम करायचं ते लिहून. बाबांनी ते तीनही कागद काढून माझ्यापुढे ठेवले, पुरावे ठेवल्यासारखे.

"सूनबाई पहाटे पाचला उठते माझ्या डब्यासाठी. हे चालायचं नाही. दुपारचं जेवण मला माझं मिळालं पाहिजे. खाली उतरावं, ताट घ्यावं, जेवावं, वर यावं. ते जमलं तर राहतो. नाहीतर मला सांगलीला नेऊन सोड."

खाली म्हणजे दोन ब्लॉक सोडून हॉकर सेंटर. चहूबाजूंनी उघडं, वर पंखे, चाळीसेक स्टॉल, मध्ये जमिनीत पक्की बसवलेली टेबलं. त्यात एक शुद्ध शाकाहारी स्टॉल होता, आजही आहे. एक म्हातारं बौद्ध जोडपं चालवतं, पाटीवर कमळ काढलेलं आहे. डोळे मिटून बाबांना तिथे न्यावं आणि विषय संपवावा, इतकं ते सोपं होतं.

अडचण अशी की त्या कमळाच्या अगदी शेजारी माझा स्टॉल होता.

माझा म्हणजे मी जिथे जेवतो तो. काचेमागे आकड्यांना टांगलेली बदकं आणि लालबुंद भाजलेलं डुकराचं मांस, समोर सुरा घेऊन उभा असलेला म्हातारा. आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करतो, त्या दोन्ही दुपारी आणि शनिवारी सकाळी मी तिथे असतो. म्हाताऱ्याला माझं नाव ठाऊक नाही, पण कडेचा करपलेला भाग मला आवडतो हे ठाऊक आहे. मी रांगेत दिसलो की तो सुरा वर करून लांबूनच ओरडून विचारतो, "काळं ना?" आणि मी मान हलवतो.

बाबांच्या लेखी मी शाकाहारी होतो. तेरा वर्षं दर संध्याकाळी फोनवर मी भात-आमटी जेवत होतो. बायको अलिबागची. तिने मुलगी बघायच्या कार्यक्रमातच बाबांना सांगून टाकलं होतं की आमच्याकडे मासे रोज असतात आणि मी ते सोडणार नाही. बाबांनी ते मान्य केलं, शिवाय "पोरगी सरळ आहे" असा शेराही दिला. लग्नानंतर मीही खायला लागलो असं त्याच वर्षी सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार दिवस अबोला. पण मी ते पुढच्या फोनवर ढकललं, मग पुढच्या, आणि अशी तेरा वर्षं निघाली.

तेव्हा कमळाच्या स्टॉलपाशी बाबांना घेऊन उभं राहायचं आणि शेजारून सुरा वर होऊन "काळं ना?" यायचं, हे मला परवडणारं नव्हतं. मी बाबांना हॉकर सेंटरच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं.

तिथे भात आणि पंधरा-वीस तयार पदार्थ मांडलेला स्टॉल होता. बोट दाखवायचं, बाई भातावर वाढते. निम्म्याहून जास्त भाज्याच होत्या. कोबी, पालक, दोडक्यासारखं काहीतरी, वांगी, टोफू. मी बाबांना अनुभवी माणसाच्या आवाजात म्हणालो, "हा कोबी घ्या, हा पालक घ्या. उरलेल्या ट्रेकडे बघूच नका. इथे सगळं वेगवेगळं शिजवतात." ते मी कुठून आणलं? कुठूनच नाही. भाजी दिसते आहे म्हणजे भाजी आहे, एवढाच माझा अभ्यास. काय तेलात परतलंय, हे विचारायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तेरा वर्षं इथे राहिलेला माणूस असले प्रश्न विचारत नाही.

बाबांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग ते बोलायचे थांबले आणि ताट संपेपर्यंत बोलले नाहीत.

"चव आहे," ते म्हणाले. आठ महिन्यांत अन्नाबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला शब्द.

पुढे ते एकटे जायला लागले. साडेअकराला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. इथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची, कोणी हात लावत नाही, हे मी त्यांना दाखवलं तेव्हा त्यांना फार मौज वाटली. "आपल्याकडे आधी पाकीट जाईल, मग टेबल," म्हणाले. टिश्यू त्यांना उधळपट्टी वाटायची. ते चष्म्याचं घर ठेवायचे, ते काळं, कडक, झाकण खटकन मिटणारं. आठवड्याभरात तिथल्या टेबलं पुसणाऱ्या बाईलाही ते घर कुणाचं ते कळलं होतं. जेवून झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचे. ट्रे ठेवायच्या तिथे दोन रॅक असतात, एक हलाल, एक बाकीच्यांसाठी. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, दोन कशाला. मी म्हणालो, "डावं मुसलमानांचं. तुम्ही उजवीकडे ठेवा." ते रोज इमानाने उजवीकडे ठेवत होते. त्या रॅकवर मोठ्या अक्षरांत, चित्रासकट लिहिलं होतं की हलाल नसलेलं इथे. आम्हा दोघांनाही वाचता येत होतं.

संध्याकाळी मी घरी आलो की वृत्तांत. आज पालक होता, आज भेंडी होती. आणि कोबी रोज. "त्या बाई कोबीवर वरून काहीतरी कुरकुरीत घालतात रे. भाजलेल्या खोबऱ्याच्या तुकड्यासारखं लागतं. आज मी म्हणालो, प्लीज गिव्ह मी लिटल मोअर. हसल्या. मूठभर घातलं." ते खुर्चीत मागे रेलून बसायचे. बायको मला स्वयंपाकघरातून भुवया उंचावून दाखवायची, बघ कसे खुलले. नवव्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं, तो पासचा अर्ज पाठवलास का.

दहाव्या दिवशी शनिवार होता. मी त्यांच्याबरोबर जेवायला गेलो. त्यांनी चष्म्याचं घर ठेवलं, मी रांगेत उभा राहिलो. बाईने कोबी वाढला, मग डाव्या हाताशी असलेल्या स्टीलच्या डब्यातून सोनेरी, खडबडीत तुकडे चमच्याने काढून वर भुरभुरले. ते खोबरं नव्हतं. ते काय असतं हे मला नेमकं ठाऊक होतं, कारण दुसऱ्या टोकाला माझ्या भातावरही ते असतं. चरबी वितळवून तळली की उरतात ते तुकडे. आणि ती वितळलेली चरबी कढईशेजारी पत्र्याच्या डब्यात पांढरी शुभ्र गोठलेली होती, साजूक तुपासारखी.

मी ट्रे घेऊन टेबलापाशी आलो. दहा पावलं असतील. त्या दहा पावलांत मला सांगता आलं असतं. बाबांनी ताटाकडे बघून हात चोळले आणि म्हणाले, "आज तुझ्यासमोर जरा जास्तच घातलंय की."

मी त्यांच्यासमोर बसून ते खाताना बघत राहिलो. मी काहीच खाल्लं नाही. पोट बिघडलंय म्हणालो. खोटं बोलण्याच्या कामात मी आळशी आहे, पहिलं सुचेल ते बोलतो.

सोमवारी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि सकाळी एकटा त्या बाईकडे गेलो. तिचं इंग्रजी तीन-तीन शब्दांचं आहे. ते मी इथे मराठीत लिहितो आहे, त्यातला फटकारा तेवढा उतरत नाही. मी म्हणालो, माझे वडील, चष्म्याचं घर ठेवतात ते, त्यांना चरबी घालू नकोस. कढई वेगळी, तेल साधं.

"का?" ती म्हणाली. "त्याला आवडतं. रोज जास्त मागतो."

आता इथे सांगायचं की ते मांस खात नाहीत, हा त्यांच्या धर्माचा भाग आहे. या शहरात हे वाक्य समजत नाही असा एकही स्टॉलवाला नाही. पण मग ती म्हणाली असती, मग नऊ दिवस तू काय बघत होतास. म्हणून मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलंय. कोलेस्टेरॉल."

"हां," ती म्हणाली. तिच्या नवऱ्यालाही होतं. तिने एक छोटा पॅन वेगळा काढला आणि बाबांचा कोबी त्यात साध्या तेलावर परतायला लागली. दुपारच्या गर्दीत, एका माणसासाठी. जास्तीचं काही न मागता.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, आज बाईंचा हात बिघडला होता. दुसऱ्या दिवशी अर्धं ताट टाकलं. तिसऱ्या दिवशी पावणेबाराला गेले आणि बाराला परत आले. चौथ्या दिवशी मी घरून काम करत होतो. साडेअकरा वाजले, बारा वाजले, बाबा गॅलरीशी पाठ करून बसले होते, अंगात घरातला सदरा.

"जाणार नाही का?"

"भूक नाही."

हाच आवाज मी आठ महिने फोनवर ऐकला होता. संध्याकाळी ते पंचांग काढून बसले आणि परतीला कुठला दिवस बरा ते बघू लागले. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "काहीतरी झालंय. तू बोल त्यांच्याशी. कुणी काही बोललं का खाली?"

मी म्हणालो, बोलतो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन त्या बाईला म्हणालो, रिपोर्ट चांगले आले. पहिल्यासारखं घाल.

ती माझ्याकडे बघत राहिली. "चालतं त्याला?"

"चालतं."

"नक्की?"

"चालतं, चालतं."

पुढे मी माझ्या बाजूने जे युक्तिवाद केले ते मला पाठ आहेत. माणूस उपाशी मरण्यापेक्षा बरं. त्यांना कळत नाही तोवर त्यांना पाप नाही. पाप असलंच तर ते मला, आणि माझ्या खात्यावर आधीच इतकं आहे की थोडं इकडे-तिकडे. हे सगळं मी ट्रेनमध्ये उभा राहून स्वतःलाच पटवायचो. तांजोंग पगार येईपर्यंत पटायचं. परत येताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

त्याच दिवशी मी आग्रह करून बाबांना खाली पाठवलं, आणि ते परत खायला लागले. शर्ट खांद्यावर बसायला लागला. संध्याकाळी ब्लॉकखाली बसणाऱ्या एका तमिळ आजोबांशी त्यांची ओळख झाली, दोघं एकमेकांना आपापल्या खात्याच्या इंग्रजीत धरणांबद्दल सांगायचे. पंचांग बॅगेत गेलं. मी अर्ज पाठवून दिला. बायकोला मी काहीही सांगितलं नव्हतं. ती मला म्हणाली, "तू बोललास ते बरं झालं त्यांच्याशी." मी म्हणालो, हो.

त्यांना पुढे काय सुचेल याचा मी विचार केला नव्हता. त्यांना स्वयंपाक करावासा वाटला.

आई असताना त्यांनी कधी चहाही केला नव्हता. पण एका रविवारी सकाळी ते आपली वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी आले. त्या वहीत बसचे नंबर, लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबत नाही, असलं सगळं असायचं. बायको ओट्यापाशी लसूण सोलत होती. मी पेपर वाचत होतो, म्हणजे फोन बघत होतो.

"सूनबाई, आज तू बस. कोबी मी करतो," बाबा म्हणाले. "काल त्या बाईंना विचारून सगळं उतरवून आणलंय. अर्धा गड्डा कोबी. लसूण पाच पाकळ्या. सुकी मिरची. आच मोठी. आणि लार्ड, दोन डाव." त्यांनी चष्मा वर केला. "हे लार्ड म्हणजे काय रे? डालड्यासारखं काही असतं का? खालच्या दुकानात मिळेल?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

"लार्ड ना?" बायको लसूण सोलता सोलता, पाठ न वळवता म्हणाली. "डुकराची चरबी असते बाबा. का, कुठे वाचलंत?"

तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिला विचारलं, तिने सांगितलं.

हातातली पाकळी सोलून ती वळली. आधी बाबांकडे बघितलं, मग वहीकडे, मग माझ्याकडे, आणि माझ्यावरच थांबली.

बाबांनी वही मिटली नाही. त्यांनी पुढची ओळ वाचली, एखाद्या फायलीतला शेरा वाचावा तशी. "बाई म्हणाल्या, आता रिपोर्ट चांगले आलेत, आता खायला हरकत नाही. मी म्हटलं कुणाचे रिपोर्ट? त्या म्हणाल्या, तुमचे. मुलगा सांगून गेला." ते माझ्याकडे बघत होते. "माझे कुठले रिपोर्ट?"

मी सांगितलं. कोलेस्टेरॉल, छोटा पॅन, चार दिवस, परत सुरू. सांगताना एका ठिकाणी मला हसूही आलं, कारण ऐकताना ते विनोदी वाटेल असा मला अजून भरवसा होता. माझ्या फजितीच्या गोष्टींवर लोक नेहमी हसतात.

बाबा हसले नाहीत. ओरडलेही नाहीत. म्हणाले, "त्या स्टॉलला का नेलंस? तिकडे कमळवाला आहे. मी रोज येता-जाता पाटी बघतो. मला वाटलं, तू तो टाळतोस म्हणजे तिथेच काहीतरी खोट असणार."

मग तेही सांगावं लागलं. कमळाशेजारचा स्टॉल, सुरा, काळं.

"कधीपासून?"

"लग्नानंतर."

बायकोने सुरी खाली ठेवली. "बाबा, मी याला कधी—"

"तुझं काही नाही. तू पहिल्या दिवशी सांगितलं होतंस." त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक होतं?"

तेरा वर्षं मी जिथे तिथे खोटं बोललो होतो. सवयीने, सोयीसाठी, काही वेळा नुसतंच. त्या एका प्रश्नाला खोटं उत्तर देणं हे माझं कर्तव्य होतं. नाही, एवढाच शब्द. पण मला त्या सकाळी अचानक प्रामाणिक व्हायची हौस आली होती.

"हो," मी म्हणालो.

सात वर्षांपूर्वी आई इथे आली होती, एकटी, बाबांना तेव्हा रजा मिळाली नव्हती. बाजारातून कढीपत्ता आणायला म्हणून ती खाली उतरली आणि मी जेवत होतो त्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. ताटाकडे बघितलं. समोर बसली. माझ्या ग्लासातलं लिंबाचं सरबत थोडं प्यायली, आणि म्हणाली, "यांना सांगू नकोस." एवढंच. पुढे फोनवर बाबा शेजारी असले की ती मुद्दाम विचारायची, "आमटीला काय फोडणी दिलीस?" आणि मी सांगायचो, मेथीची. हा आमचा दोघांचा खेळ होता. ती गेल्यावर त्याबद्दल कोणाला सांगावं असं मला फार वाटायचं. हे मी बाबांना सांगितलं. फोडणीसकट सगळं. मला वाटलं, त्यांना ते गोड वाटेल.

बाबांनी आता वही मिटली.

"शेजारणीने किती किलो मिरची वाळवली तेही मला सांगायची ती," ते म्हणाले. "रात्री दिवा मालवल्यावरसुद्धा बोलत असायची. मी म्हणायचो, बाई, उद्यासाठी काही ठेव." त्यांनी चष्मा काढून घरात ठेवला. झाकण खटकन मिटलं. "पोटात गेलं ते गेलं. त्याचं काही नाही. पण आता तिच्याशी भांडायची सोयही राहिली नाही."

ते उठले आणि आंघोळीला गेले. त्यांची आंघोळ सकाळीच झाली होती. पाणी खूप वेळ वाहत होतं. ओट्यावर अर्धा गड्डा कोबी चिरायला काढलेला होता. बायकोने तो उचलून परत फ्रीजमध्ये ठेवला आणि माझ्याशी चार दिवस बोलली नाही. ज्याला मी तेरा वर्षं घाबरलो तो अबोला शेवटी मिळाला, दुसऱ्याच माणसाकडून.

बाबा पुढे नऊ दिवस राहिले, तिकीट मिळेपर्यंत. ते नऊ दिवस ते फक्त बायकोच्या हातचं जेवले. तिने रजा काढली. तीच अट, उलटी होऊन. दुपारी ती वाढायची, ते जेवायचे, आणि उठताना म्हणायचे, "तुला त्रास." मी घरात असलो तर माझ्याशी नीट बोलायचे. हवा, ट्रेनची वेळ, बॅगेचं वजन. मी एकदा पाण्याचा ग्लास भरून दिला, तो त्यांनी घेतला, टेबलावर ठेवला, आणि थोड्या वेळाने उठून स्वतः दुसरा भरून घेतला. मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. हाताने आपोआप केलं ते.

निघायच्या आदल्या दिवशी साडेअकराला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खाली गेले. वीस मिनिटांनी परत आले. कुठे गेला होतात, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावर बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि आत गेले. पास मंजूर झाल्याचं पत्र त्यानंतर आठवड्याने आलं.

आता सांगलीला एक बाई त्यांना डबा देतात. फोनवर मी विचारतो, जेवलात का. ते म्हणतात, "जेवलो." मी काय जेवलो हे ते आता विचारत नाहीत. मी आपणहून सांगायला गेलो की म्हणतात, असू दे.

मागच्या शनिवारी मी त्या टोकाला गेलो. का गेलो ते नक्की सांगता येणार नाही. बदकांच्या स्टॉलकडे जायला पाय उचलत नव्हता, आणि कमळाकडे जायचं तर तोंड नव्हतं. रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा बाईने मला ओळखलं.

"म्हातारा कुठे?"

"परत गेला. इथली हवा मानवली नाही."

ती डाव हातात धरून थांबली. "मला भेटायला आला होता," ती म्हणाली. "सॉरी म्हणाला. मला. म्हणाला, तुमची चूक नाही, तुम्हाला सांगितलं नव्हतं. हात जोडले." तिने डाव खाली ठेवून दोन्ही हात जोडून दाखवले, ग्लोव्ह्जसकट. "तीन वेळा तुला विचारलं मी. चालतं का? तू म्हणालास चालतं."

दोन वेळा विचारलं होतं, पण तो मुद्दा काढायची ही वेळ नव्हती. मी काचेवर बोट ठेवलं. "कोबी," मी म्हणालो. आणि मग, आयुष्यात एकदा तरी नीट वागावं म्हणून, "वरचं ते घालू नकोस. कढईही वेगळी, जमलं तर."

तिने मोठ्या कढईतला कोबी भातावर वाढला. स्टीलच्या डब्यातून चमचाभर तुकडे काढले आणि सगळे वर घातले.

"तुला कशाला वेगळी?" ती म्हणाली. "तू काहीही खातोस. सरक आता, मागे रांग आहे."